घरच्या घरी बिस्मथचे मोठे स्फटिक कसे वाढवावेत

बिस्मथचा चांगला वाढलेला स्फटिक वरून पाहिला, तर एखाद्या जुन्या बारवेत डोकावल्यासारखे वाटते. काटकोनात वळत, एकीच्या आत दुसरी अशा उतरत जाणाऱ्या पायऱ्या, मधोमध खोल गेलेला चौकोन आणि पायरीपायरीवर सोनेरी, जांभळा, निळा असे पालटत जाणारे रंग. हा आकार कोणी कोरलेला नसतो. वितळलेला धातू निवताना तो आपसूक घडतो. नखाएवढे स्फटिक बहुतेकांना पहिल्याच प्रयत्नात मिळतात आणि पुष्कळांचा उत्साह तिथेच संपतो. दोन-तीन सेंटिमीटरची कड असलेला स्फटिक हवा असेल, तर मात्र धातू वितळवण्यापेक्षा तो निवू देण्याकडे अधिक लक्ष द्यावे लागते. या लेखाचा बराचसा भाग म्हणूनच निवण्याविषयी आहे.

बिस्मथ हे आवर्तसारणीतील ८३ वे मूलद्रव्य, म्हणजे शिशाचे लगतचे शेजारी. अनेक शतके लोक त्याला शिसे किंवा कथिलाचाच एक प्रकार समजत असत. ते शिशाहून वेगळे आहे हे क्लोद फ्रान्स्वा जोफ्रवा या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १७५३ मध्ये दाखवून दिले. ते २७१.५ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे भट्टी लागत नाही, साधी विजेची शेगडी पुरते. एक किलो बिस्मथ खोलीच्या तापमानापासून पूर्ण वितळवण्यासाठी साधारण ८५ किलोज्यूल उष्णता लागते; एक लिटर पाणी उकळीपर्यंत नेण्यासाठी याच्या तिपटीहून अधिक लागते. ते किरणोत्सारी असल्याचे वाचून कोणी बिचकत असेल, तर तेही सांगून टाकतो: २००३ मध्ये फ्रान्समध्ये मोजलेला त्याचा अर्धायुकाल विश्वाच्या वयाच्या एक अब्जपटीहून मोठा आहे. त्या बाजूने काळजीचे काही कारण नाही.

पायऱ्या का पडतात हे समजून घेतले, तर पुढची प्रत्येक कृती का करायची ते आपोआप कळते. द्रव गोठताना अप्रकट उष्मा बाहेर पडतो. तो स्फटिकाच्या कोपऱ्यांवरून आणि कडांवरून लवकर निसटतो, सपाट बाजूच्या मध्यावर मात्र रेंगाळतो. त्यामुळे कडा पुढे वाढत जातात, मधला भाग मागे राहतो आणि थरामागून थर चढत गेल्यावर आत उतरणारी पायरी तयार होते. अशा पोकळ रचनेला हॉपर स्फटिक म्हणतात. दुसरी बाब अशी, की बिस्मथ गोठताना पाण्याप्रमाणेच प्रसरण पावते. घन बिस्मथची घनता ९.७८ आणि द्रवाची सुमारे १०.०५ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर असल्यामुळे सुटे स्फटिक बर्फासारखे वर तरंगतात आणि पृष्ठभागावर लवकरच साय धरते. ही साय पुढे बराच त्रास देते.

आता सामग्री. धातू किमान ९९.९९ टक्के शुद्ध असावा. ‘बिस्मथ मिश्रधातू’ किंवा ‘लो मेल्ट’ अशा नावाने मिळणाऱ्या वड्या घेऊ नयेत, कारण त्यांत शिसे, कथील आणि कधीकधी कॅडमियमही असते. त्यांपासून स्फटिक तर नीट होत नाहीतच, शिवाय विषबाधेचा धोका उभा राहतो. विक्रेत्याकडून शुद्धतेचे विश्लेषणपत्र मागून घ्यावे. किती घ्यावा, याबाबत वजनापेक्षा आकारमानाचा विचार करावा. धातू इतका जड आहे, की एक किलो म्हणजे सुमारे १०२ मिलिलिटर, जेमतेम एका कटिंग चहाएवढा. दहा सेंटिमीटर व्यासाच्या भांड्यात त्याची खोली सव्वा सेंटिमीटरच भरते आणि तेवढ्यात मोठा स्फटिक वाढायला जागाच नसते. त्याच भांड्यात चार किलो घेतला, तर पाच सेंटिमीटरपर्यंत खोली मिळते. माझ्या मते मोठ्या स्फटिकासाठी ही किमान मात्रा आहे. उपकरणांवर खर्च करण्याआधी धातूवर करावा. तो वाया जात नाही, फसलेला प्रत्येक प्रयत्न पुन्हा वितळवता येतो.

भांडी स्टेनलेस स्टीलचीच हवीत, जाड बुडाची, आणि तोंडाकडे किंचित पसरट, म्हणजे घट्ट झालेला गोळा उपडा करून काढता येतो. अशी दोन भांडी लागतात: एकात धातू वितळवायचा, दुसऱ्यात उरलेला द्रव ओतायचा. जस्ताचा मुलामा दिलेले डबे आणि नॉनस्टिक तवे वर्ज्य समजावेत, कारण या तापमानाला त्यांतून घातक वाफा निघू शकतात. काच किंवा चिनी मातीची भांडी गोठणाऱ्या धातूच्या प्रसरणाने तडकतात.

कल्हईच्या भांड्यांबाबत मात्र स्वतंत्र इशारा द्यायला हवा, कारण ती चूक मी स्वतः केली आहे. माळ्यावर पडलेले पितळेचे कल्हई केलेले पातेले जाड आणि भक्कम होते, म्हणून मी ते निवडले. धातू वितळला, निवू लागला. पण कडेला टोकदार आकार दिसण्याऐवजी सगळा द्रव शिऱ्यासारखा दाट होत गेला आणि ढवळायचा चमचा त्यातून जड जाऊ लागला. कल्हई म्हणजे कथील, आणि कथील वितळलेल्या बिस्मथमध्ये विरघळते. या दोहोंचे एका विशिष्ट प्रमाणातले मिश्रण १३९ अंशांच्या आसपासही द्रवच राहते. त्यामुळे सगळा धातू एका ठरावीक तापमानाला गोठण्याऐवजी घन आणि द्रव यांचा लगदा बराच काळ टिकून राहतो. तो एक किलो धातू मी पुन्हा कधी स्फटिकांसाठी वापरू शकलो नाही, आणि आतून काळवंडलेल्या पातेल्याविषयी घरात ऐकून घ्यावे लागले ते वेगळेच.

याशिवाय हजार ते दीड हजार वॅटची, तापमान कमी-जास्त करता येणारी विजेची शेगडी, स्टीलचा लहान झारा, लांब दांड्याची मजबूत सांडशी, स्टीलचे झाकण, भांड्याभोवती गुंडाळण्यासाठी सिरॅमिक लोकर किंवा रॉकवूल, शेगडीखाली ठेवायला विटा, आणि के प्रकारच्या थर्मोकपलसह तापमान दाखवणारा मल्टिमीटर एवढे जमवावे. गॅसची शेगडीही चालते, पण तिची आच हळूहळू उतरवता येत नाही आणि जवळच सिलिंडर असतो. मला ती पसंत नाही.

सुरक्षिततेबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली, तर ती ओलाव्याची. वितळलेल्या धातूच्या पृष्ठभागाखाली पाण्याचा एक थेंब गेला, तरी त्याची क्षणात वाफ होते आणि त्या स्फोटासरशी तप्त धातू चहूकडे उडतो. पावसाळ्यात आपल्याकडे कोरडा दिसणारा झाराही दमट असतो. म्हणून झारा, सांडशीची टोके, दुसरे भांडे, नंतर घालायचे बिस्मथचे तुकडे, हे सर्व शेगडीजवळ तापवून मगच वापरावे, आणि कामाच्या जागेच्या आसपास पाण्याचा तांब्यासुद्धा ठेवू नये. डोळ्यांवर बाजूंनी बंद असलेला चष्मा, हातात वेल्डिंगचे चामड्याचे हातमोजे, अंगात पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि पायांत बंद बूट असावेत. सिंथेटिक कपडा अंगाला चिकटून जळतो. शिशाच्या मानाने बिस्मथ निरुपद्रवी आहे, पोटाच्या काही औषधांतही त्याची संयुगे असतात, तरीही वाफा आणि ऑक्साइडची धूळ श्वासावाटे जाऊ नये म्हणून काम खुल्या गच्चीत किंवा हवेशीर पडवीत करावे. लहान मुले आणि पाळीव प्राणी यांना त्या वेळेपुरते दूर ठेवावे. एकदा वापरलेले भांडे पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये; त्यावर रंगाने तशी खूण करून ठेवावी.

शेगडी सपाट, न डगमगणाऱ्या जागी विटांवर ठेवून भांड्यात धातूच्या वड्या रचाव्यात आणि मध्यम आच लावावी. बराच वेळ काहीच होत नाही असे वाटते, मग वड्यांच्या बुडाशी आरशासारखे चकचकीत डबके दिसू लागते आणि वड्या त्यावर कलंडतात. सगळा धातू वितळल्यावर तापमान ३२० अंशांच्या आसपास येऊ द्यावे, त्याहून फार वर नेऊ नये. जास्त तापवल्याने स्फटिक मोठे होत नाहीत, ऑक्साइड तेवढे वाढते. पृष्ठभागावर करड्या-पिवळसर रंगाची सुरकुतलेली मळी जमते. ती तापवलेल्या झाऱ्याने एका कडेला सारून अलगद उचलावी आणि कोरड्या डब्यात टाकावी. मळी काढल्यावर खालचा धातू पाऱ्यासारखा लखलखतो, आणि दोन-तीन सेकंदांत त्यावर सोनेरी, मग जांभळी झाक चढताना दिसते. ती झाक सतत काढत बसण्यात अर्थ नाही; जाड मळी गेली की पुरे.

आता निवण्याकडे वळू. चार किलो बिस्मथ गोठताना एकंदर सव्वादोनशे किलोज्यूलच्या जवळपास उष्णता बाहेर टाकते. उघड्या भांड्यातून ती सरासरी १०० वॅटच्या वेगाने निघून गेली, तर पूर्ण गोठायला साधारण ३६ मिनिटे लागतील. हाच वेग ५० वॅटवर आणला, तर सव्वा तासाच्या जवळपास. स्फटिकाला मिळणारा वेळ थेट दुप्पट होतो, आणि घाईने निवलेल्या धातूत शेकडो लहान स्फटिक एकमेकांची वाट अडवतात, तर सावकाश निवलेल्या धातूत मोजकेच मोठे होतात. म्हणून भांड्याभोवती लोकरीचा जाड थर गुंडाळावा, वर तापलेले झाकण ठेवावे आणि शेगडी एकदम बंद न करता टप्प्याटप्प्याने उतरवावी. झाकणाचा खरा उपयोग सायीसाठी आहे. वरचा भाग उघडा राहिला, की तोच सर्वांत आधी गोठतो आणि आपल्याला हवे असलेले बुडाचे व कडांचे स्फटिक मागे पडतात.

पहिल्या दिवशी स्फटिकांची अपेक्षाच ठेवू नये. तो दिवस मोजमापासाठी द्यावा. थर्मोकपलचे टोक भांड्याच्या बाहेरच्या बाजूला, लोकरीच्या आत घट्ट बसवावे, कारण द्रवात बुडवलेल्या टोकावरच स्फटिक धरू लागतात आणि टोक शेवटी गोळ्यात अडकून बसते. दर मिनिटाला तापमान लिहून काढावे. आकडा उतरत उतरत २७० च्या घरात येतो, कधी त्याहून काही अंश खाली घसरून पुन्हा वर उसळतो, आणि मग तिथेच खिळून राहतो. हा थांबा म्हणजे गोठण्याचा काळ. बाहेरून मोजल्यामुळे आकडा चार-पाच अंशांनी कमी दिसला तरी बिघडत नाही, आपल्याला थांबा किती मिनिटे टिकतो तेवढेच हवे असते. तो संपून आकडा पुन्हा उतरू लागला, की धातू पूर्ण गोठला. शेवटी शेवटी झाकण उचलून पाहावे: आतला द्रव प्रसरण पावत असल्याने वरच्या कवचाला भेगा पडतात आणि त्यांतून चकचकीत थेंब घर्मबिंदूंसारखे बाहेर ढकलले जातात, मोठे होतात आणि तिथेच गोठतात. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा भांडे फुटते की काय असे वाटले होते. तसे होत नाही, भांड्याचे तोंड रुंद असले म्हणजे झाले.

समजा हा थांबा ७० मिनिटांचा भरला. दुसऱ्या वेळी तोच धातू, तेच भांडे, तेवढीच लोकर घेऊन पुन्हा वितळवावे आणि थांबा सुरू झाल्यापासून २५ ते ३५ मिनिटांच्या दरम्यान उरलेला द्रव ओतून टाकावा, म्हणजे एकूण काळाच्या एक तृतीयांश ते निम्म्याच्या आत. लवकर ओतले तर पायऱ्या पातळ आणि स्फटिक लहान राहतात. उशीर झाला तर ते एकमेकांत मिसळून नुसता ओबडधोबड गोळा हाती येतो. घड्याळाला डोळ्यांची जोड द्यावी. झाकण क्षणभर उचलून भांड्याच्या कडेला सांडशीने हलकेच टिचकी मारावी: जिथे द्रव आहे तिथे लाटा थरथरतात, जिथे घन झाले आहे तिथे त्या अडतात, आणि अडण्याची ती रेघ वाकडीतिकडी नसून सरळ, कोनदार असते. कडांपासून आत आलेले असे कोन पृष्ठभागाच्या साधारण निम्म्या भागावर दिसू लागले, की वेळ झाली.

ओतण्याच्या वेळी घाई नको आणि थांबणेही नको. दुसरे भांडे आधीच तापवून, वाळूने भरलेल्या रुंद पत्र्याच्या परातीत ठेवलेले असावे. वाळूही कढईत भाजून कोरडी केलेली हवी. पृष्ठभागावर साय सलग धरली असेल, तर तापलेल्या चिमट्याने ती एका कडेला फोडावी, शक्य असल्यास अख्खी उचलून बाजूला ठेवावी. तिच्या खालच्या अंगाला पुष्कळदा भांड्यातल्यापेक्षा देखणे स्फटिक लटकलेले असतात, तेव्हा ती मळी समजून टाकू नये. मग दोन्ही हातांनी सांडशी धरून भांडे एका सलग हालचालीत कलते करावे आणि द्रव काठावरून जवळून ओतावा, उंचावरून नाही. भांडे आणि धातू मिळून पाच किलोंच्या जवळपास भरतात, म्हणून ही हालचाल रिकाम्या भांड्यात वाळू भरून दोन-तीनदा करून पाहिलेली बरी. द्रव निथळल्यावर भांडे थोडे हलवून पायऱ्यांत अडकलेले थेंब झटकावेत. ते राहिले, तर पायऱ्यांच्या धारा बुजतात.

यानंतरच्या अर्ध्या मिनिटात रंग ठरतात. स्फटिकाला स्वतःचा रंग नसतो, धातू चंदेरी आणि किंचित गुलाबीसर असतो. तप्त पृष्ठभागाला हवा लागली, की ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा चढतो आणि पावसात ओल्या रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलवर दिसतात तसे रंग उमटतात. पापुद्रा जाड होत जातो तसा रंग सोनेरीकडून जांभळ्या-गुलाबीकडे, मग निळ्याकडे आणि शेवटी हिरवटाकडे सरकतो. सोनेरी छटा हवी असल्यास स्फटिक ताबडतोब गरम भांड्याबाहेर काढून कोरड्या वाळूवर ठेवावा; निळा-हिरवा हवा असल्यास भांड्यातच राहू द्यावा. एकाच स्फटिकावर अनेक रंग येतात ते यामुळेच, कारण त्याचा जाड भाग उशिरा निवतो आणि टोके लवकर. रंग थांबवण्यासाठी पाण्यात मात्र कदापि बुडवू नये, आतल्या पोकळीत द्रव धातू शिल्लक असू शकतो.

भांड्याला चिकटलेल्या स्फटिकांच्या झुबक्याऐवजी एकच सुटा मोठा स्फटिक हवा असेल, तर बीज वापरण्याची पद्धत आहे. आधीच्या प्रयत्नातला, निर्दोष कडांचा, बोराएवढा स्फटिक निवडून तो स्टेनलेस स्टीलच्या तारेत पक्का बांधावा आणि भांड्यावर धरून तापू द्यावा. थांबा सुरू होऊन काही मिनिटे झाली आणि कडेला पहिले कोन दिसले, की बीजाचे खालचे टोक द्रवात टेकवावे. द्रव जास्त तापलेला असेल, तर बीज डोळ्यांदेखत वितळून जाते आणि हातात नुसती तार राहते. हे मला तीनदा अनुभवावे लागले. बीज टिकले, तर पाच मिनिटे न हलवता थांबावे आणि नंतर दर मिनिटाला एक-दोन मिलिमीटर या गतीने वर उचलत जावे. हाताने हे जमत नाही, थरथर होते. म्हणून तार एका स्टँडला बांधून तो स्क्रूने वर घ्यावा. जवळची साय स्फटिकाला येऊन चिकटू लागली, की ती तापलेल्या चिमट्याने दूर सारावी. या पद्धतीत झाकण ठेवता येत नाही, त्यामुळे शेगडी अगदी मंद चालू ठेवून वरून जाणारी उष्णता खालून भरून काढावी लागते, आणि ते संतुलन साधायला चार-सहा प्रयत्न लागतात.

स्फटिक हाताला सोसेल इतके निवल्यावर भांडे जाड कापडावर उपडे करून बुडावर लाकडी हातोडीने ठोकावे. पसरट भांड्यातून गोळा सहसा एकसंध सुटतो. झुबक्यातून एखादा स्फटिक वेगळा करायचा असल्यास बारीक पात्याच्या करवतीने त्याच्या बुडाशी कापावे, पक्कडीने मोडू नये. बिस्मथ ठिसूळ आहे आणि तुटताना आपल्याला हव्या त्या जागी तुटत नाही. कापताना पडणारा भुगा ओल्या कापडाने पुसून घ्यावा आणि हात साबणाने धुवावेत. वरून वॉर्निश लावण्याचा मोह टाळावा, त्या थरामुळे रंगांच्या छटा बदलतात आणि बहुधा मंदावतात. धूळ मऊ कुंचल्याने झाडावी, कापडाने घासू नये. मनासारखे न झालेले स्फटिक आणि दुसऱ्या भांड्यात गोठलेला गोळा कोरड्या डब्यात झाकून ठेवावा, आणि पुढच्या वेळी वितळवण्याआधी अर्धा तास शेगडीजवळ ठेवून त्यातला ओलावा घालवावा.